फुकटचे हिरवे गवत आणि घोडीचे अंग

शिंप्याची मापाची टेप दीडशे सेंटीमीटरची असते. कापडाच्या धंद्यात आमची तीसएक वर्षे गेली, पण टेप अपुरी पडली असा प्रसंग क्वचितच आला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो आला, आणि तोही एका घोडीच्या बाबतीत.

ही घोडी आमची आणि आमच्या मामेभावाची भागीदारीतली. भांडवल निम्मे आमचे. सांभाळ आणि मेहनत सगळी त्यांची. हिवाळ्या-उन्हाळ्यात पालघर-बोईसर पट्ट्यातल्या वराती आणि मधल्या शनिवार-रविवारी केळव्याच्या किनाऱ्यावर मुलांच्या फेऱ्या, असा तिचा धंदा. मे महिन्यात हंगाम संपता संपता आम्ही तिच्यासाठी नवी मखमली झूल शिवायला दिली. पुढच्या पायांच्या मागे, जिथे तंग आवळतात, तिथला घेर त्या दिवशी १४४ सेंटीमीटर भरला. शिंप्याने पावसाळ्यात सवडीने काम केले. ऑगस्टमध्ये झूल अंगावर घालून पाहिली, तर पोटाखालचे बंद एकमेकांना भेटेनात. शिंपी म्हणे, माप चुकलेले नाही. पुन्हा टेप लावली, तर टेप संपली आणि घोडी दोन बोटे उरली. दुसरी टेप जोडून माप घेतले, १५४.

मामेभाऊ खूश झाले. "भाईजान, पावसाळा मानवला तिला," म्हणाले. खरे सांगायचे तर आम्हीही खूशच झालो. भरलेली घोडी म्हणजे मालकाची शान, असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन दिवसांनी नालबंद चाचा आले. त्यांनी पुढचा पाय उचलला, टापेवर तळहात ठेवला, दुसरा पाय उचलला, तिथेही ठेवला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "सेठ, झूल उसवू नका. गवत बंद करा."

चाचांनी दाखवले ते आम्ही आधी कधी पाहिलेच नव्हते. टापेच्या भिंतीवर आडव्या वळ्या उठल्या होत्या आणि त्या टाचेकडे रुंद होत गेल्या होत्या. मानेच्या वरच्या कडेला, आयाळीखाली, चरबीचा घट्ट कणा तयार झाला होता. घोडी अजून लंगडत नव्हती, पण कडक जमिनीवर वळताना पाय जपून टाकत होती. मागच्याच वर्षी बोईसरकडच्या एका घोडीवाल्याची मादी सप्टेंबरात अशीच बसली आणि त्याचा सबंध हंगाम गेला. तो दोष त्या गरिबाने नशिबाला दिला होता. आता वाटते, दोष हिरवळीचा आणि आपल्या समजुतीचा होता.

विलायतेत टट्टू पाळणारे लोक एप्रिल-मे महिन्यांना भितात. बर्फाळ हिवाळा संपतो, कुरणे एकाएकी हिरवीगार होतात, आणि हिवाळाभर बेताने खाल्लेले टट्टू त्या कोवळ्या गवतावर तुटून पडते. आपल्याकडे तो वसंत मृगाच्या पावसाने येतो. जूनच्या मध्यापर्यंत पालघर, मनोर, विक्रमगड, वाडा या पट्ट्यातली वरकस जमीन करडी-पिवळी असते. पंधरा दिवसांत ती अशी हिरवी होते की ओळखू येत नाही. मारवेल, पवन्या, कुसळी, बांधावरची हरळी, सगळे एकदम वर येते आणि जुलै-ऑगस्टभर कोवळे राहते.

नेमके याच दिवसांत घोडी रिकामी असते. वरातींचे आपले गिऱ्हाईक बहुतांशी हिंदू बांधव. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांच्यात लग्ने नसतात. किनाऱ्यावरही पावसात कोण येणार? म्हणजे काम शून्य आणि चारा अमर्याद, तेही सलग चार महिने. त्यात आपण प्रेमापोटी हंगामातली चंदी तशीच चालू ठेवतो. सकाळी भिजवलेले हरभरे, संध्याकाळी कोंडा, वर गुळाचा खडा. आवक चालू आणि जावक बंद, तर माल गोदामात साचणारच.

टांग्याच्या जमान्यात हे दुखणे फारसे दिसत नसे. पालघर स्टेशनबाहेर टांगे उभे राहत ते दिवस आमच्या पिढीने पाहिले आहेत. टांग्याचे टट्टू पावसातही रोज सवाऱ्या ओढी. गवत खाई आणि घामावाटे काढून टाकी. पुढे रिक्षा आल्या, टांगे गेले. मुंबईतल्या व्हिक्टोरियांवरही २०१५ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने पडदा पडला. जी घोडी उरली ती हंगामी धंद्याची. वर्षातून सहा-आठ महिने काम आणि बाकी आराम. जनावर मात्र तेच राहिले. टट्टूची जातच थोडक्यावर निभावणारी. आपले भीमथडीचे तट्टू घ्या की हिमाचलचे स्पिती घ्या, खडकाळ मुलखात, अर्धपोटी, मैलोन् मैल चालण्यासाठी त्यांचे शरीर बनले आहे. चांगल्या दिवसांत चरबी साठवायची आणि वाईट दिवसांत ती जाळायची. आता वाईट दिवस येतच नाहीत, आणि साठा अंगावरच राहतो.

हा साठा टापेत कसा उतरतो, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. घोड्याच्या पायातले शेवटचे हाड खुराच्या आतल्या भिंतीला बारीक पापुद्र्यांनी लटकलेले असते. या पापुद्र्यांना सूज आली की पकड सुटू लागते. वरून सबंध अंगाचा भार येतोच. हाड आतल्या आत फिरते, कधी खाली सरकते. डॉक्टर याला लॅमिनायटिस म्हणतात. पूर्वी नुसते चंदीचे अजीर्ण किंवा कडक रस्त्यावरची दौड एवढीच कारणे सांगत. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी चांगल्या धडधाकट टट्टूंच्या रक्तात दीर्घकाळ इन्शुलिन जास्त ठेवून पाहिले, तर त्यांना हाच रोग झाला. लठ्ठ टट्टूच्या अंगात इन्शुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते जास्त जास्त बनवते, आणि त्याचा घाव टापांवर पडतो. आपल्या घरोघरी मधुमेहाचा एखादा तरी रोगी आहे. ते डोळ्यांपुढे आणले की ही गोष्ट लवकर कळेल.

विलायती पुस्तकांत गवतातल्या फ्रुक्टॅन नावाच्या साखरेची फार धास्ती घातलेली असते. ती थंड प्रदेशातल्या गवतांत साचते. आपल्या उष्ण मुलखातली गवते तिच्याऐवजी स्टार्च साठवतात, त्यामुळे तिथला प्रत्येक नियम इथे जसाच्या तसा लागू करू नये. पण एवढ्यावरून आपली घोडी सुरक्षित, असे समजणे चुकीचे आहे. आपल्याकडे घात होतो तो वजनाने. आणि पावसाने उघडीप दिली, दोन-चार दिवस कडक ऊन पडले, की आपल्याही गवतात गोडवा वाढतो. तो दिवसभर चढत जातो आणि पहाटेस सर्वांत कमी असतो. त्यामुळे चरायला सोडायचेच असेल तर पहाटे सोडून ऊन चढण्यापूर्वी आणावे, संध्याकाळी सोडू नये.

वजन कसे समजणार? बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ट्रकचे काटे आहेत, पण त्यांवर अडीचशे किलोची घोडी चढवून कोणी उपयोगाचा आकडा सांगणार नाही. इथे टेपच कामाची. घेर वर सांगितला तसा घ्यावा. लांबी घ्यावी खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि येईल त्याला ११,८८० ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते. आमच्या घोडीची लांबी १२६. मे महिन्यात १४४ घेराने वजन आले साधारण २२० किलो, ऑगस्टमध्ये १५४ घेराने २५१. तीन महिन्यांत ३१ किलो! हा हिशेब पाच-दहा किलो इकडे-तिकडे होऊ शकतो, पण तीच टेप, तीच जागा आणि तीच वेळ ठेवली तर वाढ-घट बरोबर कळते.

ओझेवाहू जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले, त्यांत टट्टूच्या पाठीवर ७० किलोची मर्यादा आहे. आमच्या घोडीच्या अंगावर त्याच्या जवळजवळ निम्मे ओझे रात्रंदिवस चढवलेले होते, आणि ते आम्हीच चढवले होते.

टेप नसेल तर बोटे आहेत. अमेरिकेतले हेन्नेके यांनी १९८३ साली घोड्याच्या अंगाला एक ते नऊ गुण देण्याची पद्धत बसवली. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे लठ्ठपणाची हद्द, पाचच्या आसपास उत्तम. पाचाच्या घोडीच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की सहज लागतात. बरगडी शोधायला बोट दाबावे लागले तर समजावे की पुढे गेली. पोटाकडे पाहून ठरवू नये. गवतावरचे पोट वाऱ्यानेही फुगलेले असते.

आता आम्ही काय केले ते सांगतो. पहिली इच्छा झाली ती दोन-चार दिवस खाणेच तोडण्याची. चाचांनी आणि नंतर डॉक्टरांनी, दोघांनीही ती मोडून काढली. लठ्ठ टट्टूला एकदम उपाशी ठेवले तर अंगातली चरबी लोंढ्याने रक्तात उतरते, यकृत भरून जाते आणि जनावर दगावू शकते. गाभण घोडीला हा धोका सर्वांत जास्त. ज्यांना घाई आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

योग्य माप असे की वजन उतरवताना दिवसाला अंगाच्या वजनाच्या शेकडा दीड इतका चारा द्यावा, तो कोरड्या वजनाने. २५१ किलोला हे पावणेचार किलोच्या आसपास येते. सुक्या गवतातही थोडी ओल असते, म्हणून आम्ही रोज सव्वाचार किलो तोलून देऊ लागलो. मोकळ्या कुरणात सोडलेले टट्टू अंगाच्या वजनाच्या शेकडा चार-पाच इतके कोरडे वजन पोटात घालू शकते, हे कळल्यावर आमचे डोळे उघडले. नुसते तासांवर बंधन घातले तरी भागत नाही. काही प्रयोगांत असे दिसले की तीनच तास सोडलेले टट्टू तेवढ्यातच दिवसाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत खाऊन घेते. आपणही हिशेबी लोक आहोत. दुकान लवकर बंद होणार म्हटले की गिऱ्हाईक कसे तुटून पडते ते जाणतो.

यावर विलायतेत टट्टूच्या तोंडाला जाळी बांधतात आणि खाली एक लहान भोक ठेवतात, त्यातून दोन-दोन काड्याच येतात. आम्ही ते चित्र पाहिले आणि हसू आले. अहो, हे तर आपले मुसके! मळणीत बैलाला बांधतात तेच. बैलाच्या मुसक्यातून काही खाता येऊ नये असा हेतू असतो, इथे थोडे खाता यावे आणि पाणी पिता यावे, एवढाच फरक. चाचांनी काथ्याचे एक विणून दिले, आत मऊ कापडाची पट्टी आम्ही आमच्या दुकानातली लावली. ब्रिटनमधल्या एका प्रयोगात तीन तासांच्या चराईत अशा जाळीने खाणे सुमारे चार पंचमांशाने कमी झाले. दिवसभर मात्र बांधून ठेवू नये, आणि घासून कातडे सोलत नाही ना, हे रोज पाहावे.

सुके गवत घोडी अर्ध्या तासात संपवी आणि मग लाकूड कुरतडत बसे. त्यासाठी सातपाटीकडून जुने मासेमारीचे जाळे आणले, दुहेरी करून त्यात गवत भरले आणि पाय अडकणार नाही इतके उंच टांगले. आता तेच गवत तीन तास पुरते. काही लोक गवत तासभर पाण्यात भिजवून, पाणी ओतून देऊन घालतात, त्याने साखर उतरते. आपल्या दमट हवेत भिजवलेले गवत लवकर आंबते, म्हणून ताबडतोब घालावे, उरले तर टाकून द्यावे.

चंदी बंद केली. गूळ बंद केला. कोंडा हलका म्हणून चालू ठेवावा असे मामेभावांचे मत होते. पण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे, आणि उष्ण मुलखातली काही गवतेही कॅल्शियम अडवून धरतात. असा कोंडा महिनोन् महिने घातला तर तोंडाची हाडे सुजतात. म्हणून मूठभर क्षारमिश्रण आणि मिठाचा खडा एवढेच ठेवले.

आणि चालवणे. हे मात्र पाय बरा आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच. पहिले तीन आठवडे ती नुसती भुशाच्या जाड थरावर उभी होती. ज्या जनावराच्या टापा तापल्या आहेत, जे पुढचे पाय लांब टाकून टाचांवर भार देऊन मागे रेलते, त्याला "चालून मोकळे होईल" म्हणून फिरवणे म्हणजे हाडाची पकड आपल्या हाताने सोडवणे. अशा वेळी गवत थांबवावे, खाली वाळू किंवा भुसा टाकावा, टापांना थंड पाणी किंवा बर्फ लावावा आणि डॉक्टरांना बोलवावे. तालुक्याच्या दवाखान्यात गायी-म्हशींची गर्दी असते, हे खरे आहे. प्रकरण हाताबाहेर वाटले तर परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासून चालू आहे. पाय ठीक झाल्यावर रोज अर्धा-पाऊण तास ओहोटीच्या ओल्या वाळूवर दुडकी चाल.

येथे खरी अडचण सांगितली पाहिजे, कारण सल्ला देणारे ती सांगत नाहीत. हिरवे गवत दारात फुकट आहे आणि सुके विकत घ्यावे लागते. आपला हा पट्टा गवताचाच. मुंबईत १८७४ पासून १९०५ पर्यंत घोड्यांच्या ट्राम धावल्या, शहराच्या तबेल्यांना तेव्हा लागे तसे सुके गवत आजही लागते, आणि दिवाळीनंतर इथल्या वखारींतून गंजीच्या गंजी तिकडे जातात. पावसाळ्यात उरलेसुरले महाग, त्यात अर्धे बुरशीचे. बुरशी लागलेले तर घालूच नये. घोडीवाल्या भावाने चार पैसे कुठून काढायचे?

आम्ही हिशेब मांडला. सव्वाचार किलो रोज, तीन महिने, म्हणजे पावणेचार-चार क्विंटल. नोव्हेंबर-डिसेंबरात, भाव उतरलेला असताना, एवढे गवत घेऊन जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर, ताडपत्रीखाली रचले, तर पावसाळ्याच्या दराच्या मानाने बरेच स्वस्त पडते. आजचा भाव वाचकांनी आपापला घालावा. दुसऱ्या बाजूला मांडायचे ते हे. टापेची भिंत महिन्याला आठ-दहा मिलिमीटरच वाढते, म्हणजे पुढची कड नवी यायला नऊ महिने ते वर्ष. ऑगस्टात बसलेली घोडी तुळशीच्या लग्नाला उभी राहत नाही, बहुधा मेअखेरपर्यंतही नाही. एका वरातीची बिदागी किती, हंगामात वराती किती, ते प्रत्येकाला ठाऊक आहे. जे एकटे घेऊ शकत नाहीत अशा तीन-चार घोडीवाल्यांनी मिळून ट्रक मागवावा, रचायला जागा आम्ही कापडवाले देऊ. आमच्या मागच्या पडवीत थोडी जागा आहे.

आणखी एक. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या नाल्यांकाठी गवत उन्हाळ्यातही हिरवे राहते म्हणून काहीजण जनावरे तिथे सोडतात. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या क्रमवारीत तारापूर देशात सर्वांत वर होते. त्या पाण्यावरचे गवत लठ्ठ असो की रोड, कुठल्याच घोडीला घालू नये.

वजन सावकाश उतरवायचे असते, आठवड्याला एक-दोन किलो. दर जुम्म्याला दुकान उघडण्यापूर्वी मामेभाऊ घोडी घेऊन येत, आम्ही दोन टेप जोडून माप घेत असू आणि उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत असू. १५४, १५४, १५३. तीन आठवडे काहीच घडत नाही असे वाटले आणि मामेभाऊंनी एकदा चोरून हरभरे घातलेही. पुढच्या मापाने ते उघडे पाडले. सप्टेंबरअखेर एकच टेप पुरू लागली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेर आला १४७, वजन २२९. मे महिन्यापेक्षा अजून नऊ किलो जास्तच होते, पण टापा थंड होत्या आणि चाचांनी नाल ठोकायला होकार दिला.

पहिल्या वरातीच्या सकाळी झूल घातली. बंद या खेपेस भेटले, पण गाठ मारायला शेपूट उरेना. शिंप्याने तिथेच उभ्या उभ्या दोन्हीकडे चार-चार बोटांची पट्टी जोडून दिली आणि पैसे घेतले नाहीत. माप आपले चुकले नव्हते, एवढे आमच्या तोंडून ऐकल्यावर त्याला मजुरी पोचली होती.